रिकाम्या गाडीचा आवाज

आमच्या घरात बाईला कोणी नाही म्हणत नाही. लग्न होऊन मी धुळ्याहून जळगावला आले त्याला आता बरीच वर्षं झाली, पण 'हे करू नकोस' असं कुणी मला तोंडावर सांगितल्याचं आठवत नाही. नोकरी करायची म्हटलं, कर म्हणाले. गाडी शिकायची म्हटलं, शीक म्हणाले. मग काहीतरी अडतं. कुणाची तब्येत बिघडते, कुणी पाहुणा येऊन चार दिवस राहतो, एखादी वस्तू मोडते आणि ती दुरुस्त व्हायला इतका वेळ लागतो की शेवटी आपणच म्हणतो, जाऊ द्या. गेल्या दिवाळीनंतर माझी गाडी अशीच मोडली. खरं तर ती मोडलीच नव्हती, पण हे कळायला मला होळी उजाडावी लागली.

गाडी मूळची माझ्या वडिलांची. आबा देवपुरात राहायचे, आई गेल्यापासून एकटेच. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी ही छोटी पेट्रोल गाडी हौसेने घेतली आणि देवघर पुसावं तशी रोज पुसली. पुढे काचबिंदूने त्यांची नजर गेली. सगळी नाही, पण रस्ता दिसू नये इतकी गेली. तेव्हा त्यांनी किल्ली माझ्या हातात ठेवली आणि म्हणाले, "चालती राहू दे बेटा. उभी राह्यनी ते सडी जास." भावाला गाडी नको होती. तो सुरतेला असतो आणि त्याच्याकडे मोठी गाडी आहे.

मी शाळेत शिकवते. शनिवारी सकाळची शाळा असते. शाळा सुटली की मी तशीच गाडी काढायची आणि पाळधी, एरंडोल, पारोळा, फागणे करत जेवायच्या वेळेपर्यंत धुळ्याला पोचायची. आबा अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून ओट्यावर बसलेले असायचे. जेवण झालं की मी त्यांना गाडीत बसवायचे. कधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे, कधी बाजारात, कधी त्यांच्या जुन्या सोबत्याकडे, आणि काहीच काम नसलं तर पांझरेच्या काठाने एक चक्कर. काच खाली करून ते कुठून चाललोय ते वासावरून सांगायचे. बहुतेक वेळा बरोबर सांगायचे.

आठवड्यातून तेवढंच ते घराबाहेर पडत. भाऊ वर्षभर त्यांच्या मागे लागला होता की घर भाड्याने द्या आणि सुरतेला चला. आबांचं एकच उत्तर ठरलेलं, "आठे मना शनवार शे," म्हणजे इथे माझा शनिवार आहे. भावाला त्याचा राग यायचा आणि मला, खोटं कशाला बोलू, अभिमान वाटायचा. मी शनिवारी जात होते तोवर आबा स्वतःच्या घरात राहणार होते. मी थांबले की ते सुरतेच्या सातव्या मजल्यावर जाऊन बसणार होते, जिथे त्यांना एकही रस्ता ओळखू येणार नव्हता. आम्हा सगळ्यांना हे माहीत होतं. माझ्या नवऱ्यालाही माहीत होतं.

बसने का गेले नाही, असं मला पुष्कळांनी विचारलं आहे. गेले होते. शाळा सुटून स्टँडवर जायचं, बस मिळवायची, धुळ्याला उतरून रिक्षाने देवपूर गाठायचं, आणि टेकले न टेकले की परतीची बस. आबांना बाहेर न्यायला वेळ नाही आणि गाडीही नाही. संध्याकाळी घरी सासूबाई एकट्या असल्याने मला परत यावंच लागायचं. आबा म्हणाले, "असं धावत येवानं तर येऊच नको." त्यांचंही खरं होतं.

तर आवाज. दिवाळीच्या सुट्टीत गाडी सासरच्या शेतावर होती. सासर रावेरकडचं, केळीवालं. धाकट्या दिराची गाडी बिघडली म्हणून माझी नेली होती. परत आली ती धुऊनपुसून, सर्व्हिसिंग करून. नवऱ्याने स्वतः गॅरेजमध्ये नेऊन आणली, म्हणून मला बरंच वाटलं. त्या शनिवारी मी धुळ्याला निघाले आणि पाळधीच्या पुढे मागून आवाज यायला लागला. टक. मग जरा वेळ काही नाही. मग टक-टक. डिकीच्या खालून कुणी बोटाच्या पेराने डबा वाजवावा तसा. स्पीडब्रेकर उतरताना हमखास, आणि खराब पट्ट्यावर तर सलग. आवाजाचं एक वेळ चाललं असतं, पण गाडीची चालही बदलली होती. मागची बाजू हलकी लागत होती. वळणावर एखादा उंचवटा आला की शेपूट वीतभर बाजूला सरकल्यासारखी वाटायची आणि मी स्टिअरिंग घट्ट धरायची.

घरी येऊन सांगितलं. नवरा बँकेत आहे. कुणाचंही ऐकून घेताना मान हलवायची त्याला सवय आहे. त्याने मान हलवली आणि म्हणाला, "टायरमध्ये खडा अडकला असेल. रविवारी बघू."

रविवारी आम्ही सगळे मेहरूण तलावाकडे गेलो. तो चालवायला, मी शेजारी, सासूबाई मागे आणि त्यांच्यासोबत मुक्कामाला आलेल्या दोन नणंदा. गाडी लोण्यासारखी चालली. खड्ड्यातून नेली, स्पीडब्रेकरवरून नेली, आवाजाचा पत्ता नाही. "कुठाय आवाज?" त्याने विचारलं. मागून सासूबाई म्हणाल्या, "नाचता येईना, अंगण वाकडं." नणंदा हसल्या. मीही हसले, कारण अशा वेळी हसायचं असतं.

त्यानंतर मी नशिराबाद रस्त्यावरच्या त्याच गॅरेजमध्ये इतक्या वेळा गेले की तिथला कुत्राही माझ्या गाडीवर भुंकायचा थांबला. आमच्याकडे गाडी गॅरेजमध्ये न्यायची म्हणजे पुरुषमाणसाने न्यायची, बाई फार तर सोबत. दर वेळी नवराच नेई आणि मी मागे बसे. तिथे एक लाकडी बाक असतो. त्यावर ज्यांच्या गाड्या कामाला आहेत ते आणि ज्यांच्या नाहीत तेही बसलेले असतात. चहा येतो. मेकॅनिक म्हणतो, "चला, ट्रायल घिऊ." त्याबरोबर बाकावरचे दोघे तिघे उठतात आणि गाडीत बसतात. त्यांचा त्या गाडीशी काही संबंध नसतो. पण ट्रायल म्हणजे लग्नाची वरात, एकट्याने काढायची नसते. मेकॅनिक चालवणार, माझा नवरा पुढे, मागे ते दोघे आणि त्यांच्या बाजूला काचेला चिकटून मी, गाडीची मालकीण. सगळे कान देऊन ऐकत. गाडी मुकाट चालत असे.

"ताई, गाडी एकदम ओके शे," मेकॅनिक म्हणायचा.

तरीही त्यांनी काही ना काही केलं. व्हील अलायनमेंट केलं. मागची चाकं पुढे आणि पुढची मागे केली. शॉकअप बदलले. लिंक रॉड बदलला. बाकावरच्या एकाने डिकीतला जॅक सैल असल्याचा शोध लावला, तर जॅक कापडात गुंडाळून बांधला. मी रोज शाळेत जाताना त्या टकटकीचं बारीक निरीक्षण करायला लागले आणि संध्याकाळी नवऱ्याला सांगायला लागले. डाव्या बाजूने जास्त येतो. थंडीत सकाळी जास्त येतो. ब्रेकशी संबंध नाही, कारण ब्रेक न लावताही येतो. मी दर वेळी काहीतरी नवं सांगायची आणि तो दर वेळी मान हलवायचा. गॅरेजमध्ये मात्र तो यातलं एक अक्षर बोलायचा नाही. तिथे तो एवढंच म्हणायचा, "हिला आवाज येतो म्हणे."

टायर झाले, शॉकअप झाले, रॉड झाला. तपासायचा राहिलेला एकच पार्ट उरला होता, तो म्हणजे मी. संक्रांतीच्या दरम्यान सासूबाईंनी सुचवलं की एकदा कान दाखवून घ्या, पन्नाशीत होतं असं. मला वाटलं नवरा हसण्यावारी नेईल. त्याने दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांची वेळ घेतली. मला एका काचेच्या खोलीत बसवलं, कानावर जाड पट्टा चढवला आणि हातात बटण दिलं. आवाज आला की दाबा. मी दाबत गेले. इतके बारीक आवाज होते की श्वास धरून ऐकावं लागत होतं. काचेतून मला बाहेर नवरा दिसत होता. तो पेपर वाचत होता. डॉक्टर म्हणाले, कान उत्तम आहेत, या वयाला इतके चांगले कान क्वचित बघायला मिळतात. परतताना तो म्हणाला, "चला, एक काळजी मिटली." त्या वेळी मला वाटलं होतं की हा माणूस माझ्यासाठी बँकेतून रजा काढून आला. मला त्याच्याविषयी मायाही वाटली होती. त्या मायेची आज मला जेवढी चीड येते तेवढी दुसऱ्या कशाचीच येत नाही.

कानांची शंका मिटल्यावर मी पुन्हा धुळ्याला निघाले. एरंडोलच्या अलीकडे एक वळण आहे, तिथे तेव्हा रस्ता खणून ठेवला होता. समोरून ट्रक आला. मी डावीकडे घेतलं, मागचं चाक एका उंचवट्यावरून गेलं आणि शेपूट सरळ बाजूला फेकली गेली. गाडी आडवी झाली नाही, एवढंच. ट्रकवाला शिवी देऊन निघून गेला. मी रस्त्याच्या कडेला थांबले आणि समोरच्या बाभळीकडे बघत बसले. मग गाडी वळवली आणि जळगावला परत आले. आबांना फोन करून सांगितलं की शाळेत अचानक काम निघालं.

त्या संध्याकाळी नवऱ्याने गाडीची किल्ली खिळ्याला अडकवली आणि म्हणाला, "नीट होईपर्यंत हायवेला नको नेऊस." किती समजूतदारपणे म्हणाला. मीही हो म्हटलं. भीती माझीच होती, तेव्हा दोष तरी कुणाला देणार. पुढचे शनिवार मी जळगावातच राहिले. घरात मी असल्याचा सगळ्यांनाच उपयोग होता. सासूबाईंना गुडघ्याला तेल लावायला कोणीतरी मिळालं, नणंदांना यायला वार मिळाला, नवऱ्याला दुपारी गरम पोळी मिळाली. सुरुवातीला आबा दर शनिवारी फोनवर विचारायचे, "गाडी नीट व्हयनी का?" मी नाही म्हणायचे. नंतर त्यांनी विचारणं सोडलं. ते हवेबद्दल बोलायचे, दूधवाल्याबद्दल बोलायचे, आणि फोन लवकर ठेवायचे.

आवाजाची खोड मला सापडली ती शाळेच्या स्नेहसंमेलनात. कार्यक्रम संपल्यावर भाड्याने आणलेल्या सतरंज्या मंडपवाल्याकडे पोचवायच्या होत्या. त्या माझ्या डिकीत कोंबल्या आणि मागे शाळेतल्या तीन बाया बसल्या. रस्ता रोजचाच, खड्डेही रोजचेच. गाडी गप्प. मला वाटलं, आपोआप बरी झाली बिचारी. सतरंज्या उतरवल्या, बायांना घरी सोडलं आणि त्याच रस्त्याने एकटी निघाले. पहिल्याच खड्ड्यावर टक.

मी गाडी बाजूला घेतली आणि बसून राहिले. इतक्या महिन्यांत जे डोक्यात यायला हवं होतं ते तेव्हा आलं. आवाज मी चालवते म्हणून येत नव्हता. मी एकटी असते म्हणून येत होता. माणसं भरली की मागची बाजू दबायची आणि आवाज बंद व्हायचा. आमच्याकडे ट्रायल नेहमी गाडी भरून घेतात, त्यामुळे तो कधीच कुणाला ऐकू आला नाही. रिकामी गाडी घेऊन हिंडणारं घरात माझ्याशिवाय होतंच कोण?

तरी खात्री करून घेतली. वर्षाचे गहू भरायचे दिवस होते. बाजारात हमालाकडून दोन कट्टे डिकीत टाकून घेतले आणि नशिराबादपर्यंत जाऊन आले. आवाज नाही. घरी येऊन दोन्ही उतरवून घेतले आणि तीच चक्कर पुन्हा मारली. टक-टक, टक-टक. मला खूप आनंद झाला होता, अगदी परीक्षेत पहिली आल्यासारखा. हे नवऱ्याला कधी सांगते असं झालं होतं. पण म्हटलं, आधी गॅरेजमध्ये सिद्ध करू, मग सांगू. नाहीतर पुन्हा मान हलवेल.

दुसऱ्या दिवशी शाळेतून थेट गॅरेजला गेले. एकटी. बाकावरचे लोक जरा सावरून बसले. मेकॅनिकने माझ्या मागे पाहिलं, साहेब कुठे दिसतात का म्हणून. मी किल्ली त्याच्या हातात दिली आणि म्हटलं, "ट्रायल घे. एकटा घे. दुसरं कोणी बसणार नाही, मी पण नाही."

बाकावरचा एक जण अर्धा उठला होता. मी त्याच्याकडे बघितलं, तसा तो बसला.

मेकॅनिक एक चक्कर मारून आला. खाली उतरला, फडक्याला हात पुसले आणि अगदी सहज म्हणाला, "येनारच ना ताई आवाज. मागच्या स्प्रिंगमधी रबर टाकेल शे. माल भरला तं बरोबर, रिकामी गाडी बोंबलनारच. साहेबांना मी तव्हाच सांगितलं होतं."

"तेव्हा म्हणजे कधी?"

"दिवाळीत. रबर टाकलं तव्हाच." दिराने ठिबकच्या नळ्या आणि केळीची रोपं नेऊन गाडी मागून बसवली होती, ती खाली घासत होती, म्हणून स्प्रिंगच्या कड्यांमध्ये रबराचे गोळे ठोकून तिला उचललं होतं. हे त्याने मला समजावून सांगितलं. मी कधी विचारलंच नव्हतं, म्हणून त्यानेही सांगितलं नव्हतं.

"आणि मी आवाज आवाज करून इथे येत होते तेव्हा?"

तो फडक्याकडे बघायला लागला. "तव्हा बी बोललो मी साहेबांना, रबर काढून टाकू. ते हसले. म्हने, राहू दे, आवाज येतो तोच बरा."

"मग चार माणसं भरून ट्रायल कशाला घेत होतास?"

"घरचा मामला शे ताई," तो म्हणाला. "आपन काय बोलनार."

 बाकावरच्यांपैकी दोघांनी माझ्या शेजारी बसून त्या आवाजासाठी कान दिले होते. त्यांना माहीत होतं की नाही, हे मी विचारलं नाही. विचारून काय झालं असतं? घरचं झाकलेलं आम्ही बाहेर उघडं करत नाही, आणि बाहेरच्यांना ते पाठ असतं.

मी म्हटलं, काढ. त्याने गाडी जॅकवर घेतली आणि थोड्या वेळात दोन काळे गोळे काढून दिले. डाव्या बाजूचा फाटून त्याची जीभ लोंबत होती. मी दोन्ही पिशवीत टाकले. घरी जाताना गाडी अशी चालत होती की मला रडू आलं.

नवरा जेवायला बसला तेव्हा मी ते गोळे त्याच्या ताटाशेजारी ठेवले. त्याने ते ओळखले. ओळखले नाहीत असं दाखवायचा प्रयत्नही त्याने केला नाही, एवढं श्रेय त्याला देते.

"आता ताटात हे वाढणार का?" तो म्हणाला.

"तू मला कानाच्या डॉक्टरकडे नेलंस."

"आई म्हणाली म्हणून नेलं."

"एरंडोलला मी ट्रकखाली गेले असते."

"मेकॅनिक म्हणाला होता नुसता आवाज येईल. दुसरं काही होत नाही त्याने." मग त्याने घास बाजूला ठेवला आणि पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघितलं. "तू शनिवारी दमून यायचीस. रविवार झोपण्यात जायचा. आई दिवसभर एकटी. बरं, मी नको म्हटलं असतं तर तू ऐकलं असतंस?"

"म्हणून तरी बघायचं होतं."

"भांडण झालं असतं," तो म्हणाला आणि आमटी ओतून घेतली.

मी तिथे उभी राहून विचार करत होते की भांडण झालं असतं तर काय बिघडलं असतं. मी ओरडले असते, तो ओरडला असता, सासूबाईंनी कपाळाला हात लावला असता आणि शनिवारी मी धुळ्याला गेले असते. किंवा गेले नसते, पण कशामुळे गेले नाही ते मला माहीत असतं. याने मला माझ्याच कानांवर संशय घ्यायला लावला. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तो निदान लागतो तरी. इथे मी स्वतःच घरी बसले होते आणि वर त्याचे आभार मानले होते.

तो आठवडा मी त्याच्याशी कामापुरतं बोलले. शनिवारी शाळा सुटल्याबरोबर निघाले. आबांना मुद्दामच कळवलं नाही. म्हटलं, गाडी दारात उभी राहू दे, मग कळेल. एरंडोलचं ते वळण गेलं, काही झालं नाही. पारोळ्याला थांबून आबांसाठी गरम जिलेबी घेतली. मनात पुढच्या सगळ्या शनिवारांचं ठरवत होते.

देवपुरातल्या घराचं दार उघडं होतं. ओट्यावर आबा नव्हते. आत गेले तर पुढच्या खोलीतलं कपाट रिकामं, भिंतीवरून आईचा फोटो उतरवलेला, आणि दोन पेट्या व एक गाठोडं दाराशी रचलेलं. आबा खाटेवर बसले होते. पावलांवरून त्यांनी ओळखलं.

"तू कशी उनी? गाडी ते खराब शे ना?"

"हे काय आहे, आबा?"

"बठ्ठं बांधी लिधं," ते म्हणाले. "तुना भाऊ सकाय येस. मी चालनू सुरत." भाऊ उद्याच न्यायला येणार होता, घर भाड्याने दिलं होतं. भाडेकरू महिन्याच्या एक तारखेला येणार होते. मला आधी का नाही सांगितलं, असं मी विचारलं. त्यांनी हातानेच ते बाजूला सारलं. "तुले कसाले सांगू? तू धावत उनी असती त्या गाडीमा. किती दिन तुले ताप देवाना?"

म्हणजे त्यांनीही मला सांभाळून घेतलं होतं. मी खाटेवर त्यांच्याजवळ बसले. भावाला फोन करून थांबवावं, भाडेकरूंना नको म्हणावं, असं सगळं मनात येऊन गेलं. पण त्यांचे निरोप घेऊन झाले होते. जुन्या सोबत्याला भेटून आले होते, रिक्षाने, शेजाऱ्याचा हात धरून. दूधवाल्याचा हिशोब मिटवला होता. म्हातारा माणूस एकदा मनाने उठला की त्याला परत बसवणं फार अवघड असतं, आणि मला ते करायचा हक्कही राहिला नव्हता. मी सगळा हिवाळा धड आले नव्हते.

"चाल," ते म्हणाले, "एक चक्कर मारूत."

मी त्यांना पुढच्या सीटवर बसवलं, पट्टा लावला. मागचं सीट रिकामं, डिकी रिकामी. पांझरेच्या काठचा रस्ता तेव्हा उखडलेलाच होता. ते काच खाली करून बसले, पण या वेळी कुठून चाललोय ते सांगत नव्हते. ते गाडी ऐकत होते.

"आवाज ते येत नही," ते म्हणाले.

"नाही."

"कव्हय नीट व्हयनी?"

"याच आठवड्यात."

"काय व्हतं?"

"रबर होतं, आबा. मागच्या स्प्रिंगमध्ये."

"एवढंच?"

"एवढंच."

 नदीच्या बाजूने धुराचा वास येत होता. मग त्यांनी विचारलं, "मंग पहिले कोनले दखायनं नही?"

इथे मी खरं सांगू शकत होते. आठवडाभर ते माझ्या जिभेवर होतं आणि जगात एकच माणूस असा होता की ज्याला ते ऐकायचा अधिकार होता. पण त्यांच्या पेट्या दाराशी रचलेल्या होत्या. खरं सांगून त्या उघडल्या नसत्या. आबा सुरतेला जाणारच होते, ते फक्त मनात आणखी एक दगड घेऊन गेले असते.

"नाही आबा," मी म्हटलं. "कुणालाच दिसलं नाही."

"जावाईबापूसनी बी बिचारासनी कितली खटपट कयी," आबा म्हणाले. "दर आठवडाले माले फोन करेत. आज हाई बदलं, आज ते बदलं. तेच बोलनात माले, गाडी थकी गयी आबा, तुम्ही पोराकडे जा, ती बी मोकळी व्हई." त्यांनी चाचपडत माझ्या दंडावर हात ठेवला. "चांगला मानूस भेटना तुले. तेन्हा मन दुखाडू नको."

मी हो म्हटलं. आबांना माझा चेहरा दिसत नव्हता, तेवढं एक बरं झालं.